एका विषाणूची तीन दप्तरे

नागपूर आणि करीमनगर ही दोन शहरे नकाशावर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. सरळ रेषेत मोजले तर त्यांच्यातील अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते, आणि या अंतराच्या मधल्या टप्प्यात तेलंगणाचा जुना आदिलाबाद जिल्हा पसरलेला आहे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, दक्षिणेला गोदावरी ओलांडली की करीमनगर. कापसाची शेते, सागाची जंगले, गोंड आणि कोलाम आदिवासींचे पाडे आणि घराघरांत तेलुगूच्या जोडीने बोलली जाणारी मराठी ही या प्रदेशाची ओळख आहे. गेल्या साठ वर्षांतील विषाणूविज्ञानाच्या दृष्टीने मात्र या पट्ट्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. १९६५ मध्ये त्याच्या उत्तरेला, नागपुरात, एक नवा विषाणू सापडला. २००३ मध्ये त्याच्या दक्षिणेला, करीमनगर आणि वरंगळच्या परिसरात, त्याच विषाणूने लहान मुलांचा बळी घेतला.

या दोन घटनांमध्ये ३८ वर्षे गेली. विषाणूला ३०० किलोमीटर चालून जायला एवढा काळ लागला असे म्हणता येणार नाही. तो त्या प्रदेशातील माश्यांत आणि जनावरांत बहुधा आधीपासूनच वावरत होता. उशीर झाला तो वैद्यकाच्या नजरेला. माणूस, पाळीव जनावरे आणि रानातील माकडे यांच्यात फिरणाऱ्या ‘नव्या’ विषाणूंची चर्चा जगभर सुरू असताना हा ३८ वर्षांचा हिशेब भारतात, आणि विशेषतः गोव्यासारख्या जंगलाला लागून वसलेल्या छोट्या राज्यात, पुन्हा एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे.

सापडला आणि विसरला

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ होती. चिकुनगुन्या आणि डेंग्यू हे तिचे मुख्य कारण. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू आढळला. ज्या वस्तीतून तो मिळाला तिच्या नावावरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव मिळाले. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. हा विषाणू रेबीजच्या विषाणूच्या कुळातला, पण त्याची शाखा वेगळी.

पुढील काळात त्याच्या खुणा अनेक ठिकाणी दिसत गेल्या. महाराष्ट्रातील वाळूमाशीत तो सापडला. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, घोडे, उंट आणि माकडे यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळली. श्रीलंकेतील रानटी माकडांच्या रक्तातही तशीच खूण मिळाली. आफ्रिकेत सेनेगलमध्ये वाळूमाशीतून आणि नायजेरियात काटेरी साळूसारख्या दिसणाऱ्या हेजहॉग या छोट्या प्राण्यातून तो वेगळा काढण्यात आला. भारतात १९८० मध्ये मध्य प्रदेशातील मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तातही तो मिळाला होता.

इतके सारे हाती असूनही या विषाणूकडे गंभीर रोगाचे कारण म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. ज्या विषाणूला ठळक असा रोग जोडता येत नाही त्याला विषाणूविज्ञानात ‘अनाथ विषाणू’ म्हणतात. चांदीपुरा दीर्घकाळ असाच अनाथ राहिला. तो शीतपेटीत जपला गेला, शोधनिबंधांत नोंदला गेला, पण जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरच्या मनात असणाऱ्या संभाव्य कारणांच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही. विषाणू सापडणे आणि रोग ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रयोगशाळेत घडते. दुसरी घडण्यासाठी प्रयोगशाळा, रुग्णालय, गोठा आणि जंगल यांना जोडणारी वाट खुली असावी लागते.

२००३ चा पावसाळा

२००३ च्या पावसाळ्यात तत्कालीन आंध्र प्रदेशच्या उत्तर तेलंगणातील रुग्णालयांत एकाच प्रकारची मुले येऊ लागली. अचानक चढणारा ताप, उलट्या, झटके, नंतर बेशुद्धी. अनेक मुले लक्षणे सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांतच दगावत होती. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी नसायचे. जपानी मेंदूज्वराचा संशय सर्वप्रथम घेतला गेला, आणि तो स्वाभाविकही होता. आंध्रला त्या आजाराचा अनुभव होता. पण तपासण्यांतून जपानी मेंदूज्वराला पुष्टी मिळेना. अखेर पुण्याच्या संस्थेने रुग्णांच्या नमुन्यांतून जो विषाणू वेगळा केला तो चांदीपुरा होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या उद्रेकात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ मुलांचा मृत्यू झाला.

निम्म्याहून अधिक मृत्यू. या एका आकड्याने अनाथ विषाणूला त्याचा रोग मिळवून दिला. त्यानंतर त्या भागातील जनावरांची तपासणी झाली तेव्हा डुकरे, म्हशी, गाई, शेळ्या आणि मेंढ्या या सर्वांत प्रतिपिंडे मिळाली. सर्वाधिक प्रमाण डुकरांत होते. म्हणजे मुले दगावण्याआधीच गोठ्यांनी या विषाणूचा अनुभव घेतलेला होता. जनावरांचे रक्त ही बातमी सांगत होते, पण विचारणारे कोणी नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्राण्याच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली याचा अर्थ त्या प्राण्याला कधीतरी संसर्ग झाला होता, एवढाच. तो प्राणी माणसाला रोग देतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. चांदीपुराचा प्रसार मुख्यतः वाळूमाशी करते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, शेणाजवळची जागा ही तिची घरे. बाधित मादीकडून तिच्या अंड्यांत विषाणू उतरू शकतो, असेही अभ्यासांतून दिसले आहे. मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तो नेमका कोणत्या प्राण्यात टिकून राहतो, हा प्रश्न विज्ञानाने अद्याप निकाली काढलेला नाही. साठ वर्षांपूर्वी सापडलेल्या विषाणूबाबत हा मूलभूत प्रश्न उघडा असावा, यातच आपल्या व्यवस्थेचे प्राधान्यक्रम दिसतात.

२००७ मध्ये नागपूर विभागातच चांदीपुराचा उद्रेक झाला. विषाणू आपल्या जन्मगावी परतला असे वृत्तपत्रीय भाषेत म्हणता आले असते, पण तो तेथून गेला होता याला पुरावा कोणता? २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची आणि ८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा निश्चित झाला. ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे. गेल्या दोन दशकांतील हा सर्वांत मोठा उद्रेक ठरला. या रोगावर आजही लस नाही, खास औषधही नाही. लक्षणांवर उपचार आणि शक्य तितक्या लवकर मोठ्या रुग्णालयात पोहोचणे, एवढाच मार्ग आहे. रोग तासांच्या हिशेबाने पुढे सरकत असल्यामुळे ‘लवकर’ या शब्दाला येथे फार कठोर अर्थ आहे.

मेलेल्या माकडांची वर्दी

चांदीपुराच्या शेजारी दुसरी एक कहाणी ठेवली की फरक स्पष्ट होतो. ती गोव्याला अधिक जवळची आहे.

१९५७ च्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे, दोन्ही. त्याच सुमारास जंगलालगतच्या गावांतील माणसांना तीव्र ताप येत होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक तेथे पोहोचले तेव्हा त्यांच्या मनात एक भयंकर शंका होती: पीतज्वर. दक्षिण अमेरिकेत माकडांचे मृत्यू हे पीतज्वराचे पूर्वचिन्ह मानले जाते आणि भारतात तो रोग कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर अनर्थ झाला असता.

टेल्फोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मेलेली माकडे, आजारी माणसे आणि जंगलातील गोचिडी यांची तपासणी एकाच वेळी केली. पीतज्वर नव्हता. सापडला तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा, तोवर विज्ञानाला अज्ञात असलेला विषाणू. क्यासनूर जंगल रोग हे त्याचे पुस्तकी नाव. सिंधुदुर्ग आणि गोव्यात लोक त्याला माकडताप म्हणतात.

या शोधाचे मर्म त्याच्या वेगात आहे. माणसाचा ताप एका खात्याने आणि माकडाचा मृत्यू दुसऱ्या खात्याने नोंदवून ठेवला नाही. दोन्ही गोष्टी एकाच पथकाच्या डोळ्यांसमोर आल्या, म्हणून त्यांचा संबंध लागला. गाईगुरांचा धागाही पुढे त्याच दृष्टीने उलगडला. गुरे या रोगाने फारशी आजारी पडत नाहीत आणि विषाणू पसरवण्यात त्यांचा थेट वाटा नगण्य आहे. पण रोग पसरवणाऱ्या गोचिडीची प्रौढ अवस्था गुरांच्या रक्तावर पोसली जाते. जंगलाच्या कडेला गुरांची चराई वाढली की गोचिडी वाढतात. गोचिडी वाढल्या की त्यांची पिले माकडांना आणि माणसांना चावण्याची शक्यता वाढते. जॉर्ज बोशेल या संशोधकाने १९६९ मध्ये जंगलतोड, शेतीचा विस्तार आणि गुरांची वाढ यांच्याशी या रोगाच्या उगमाचा संबंध जोडून दाखवला होता. माकड येथे गुन्हेगार नाही. ते माणसासारखेच रोगाला बळी पडते; फक्त त्याचा मृत्यू आधी दिसतो.

मोजदादीचा मोह

अज्ञात विषाणू शोधण्याची जगातील सर्वांत मोठी मोहीम अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने २००९ मध्ये सुरू केली. ‘प्रेडिक्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रकल्पात दहा वर्षांत अनेक देशांतील वटवाघळे, उंदीर आणि माकडे यांचे नमुने तपासण्यात आले. सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले आणि ९०० हून अधिक नवे विषाणू नोंदले गेले. तरीही २०१९ च्या अखेरीस आलेल्या करोनाची पूर्वसूचना त्या यादीतून मिळाली नाही. यावरून जगभरच्या शास्त्रज्ञांत दोन तट पडले. यादी जितकी मोठी तितकी तयारी चांगली, असे एका बाजूचे म्हणणे. निसर्गात विषाणू असंख्य आहेत, त्यांपैकी कोणता माणसाला घातक ठरेल हे नुसत्या यादीवरून कळत नाही, म्हणून पैसा आजारी माणसांच्या आणि प्राण्यांच्या नित्य देखरेखीवर खर्चावा, असे दुसऱ्या बाजूचे.

चांदीपुराचा इतिहास या वादात दुसऱ्या बाजूला वजन देतो. तो विषाणू यादीत होता. त्याला नाव होते, कूळ ठाऊक होते, वाहक कीटक ठाऊक होता, गुरांत आणि माकडांत त्याच्या खुणा मिळालेल्या होत्या. एवढे असूनही २००३ मध्ये पहिली मुले दगावली तेव्हा संशय दुसऱ्याच रोगावर गेला. त्याउलट क्यासनूरमध्ये यादी शून्य होती, पण नजर जागेवर होती. म्हणून अनोळखी विषाणूही त्वरेने ओळखला गेला.

पहिल्या बाजूच्या युक्तिवादातही तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. विषाणूचा जनुकीय तपशील आधीपासून हाती असेल तर चाचणी लवकर तयार होते. २००३ मध्ये नमुन्यातील विषाणू चांदीपुरा आहे हे पुण्यात ओळखता आले, कारण १९६५ चा विषाणू जपून ठेवलेला होता. म्हणजे यादी निरुपयोगी नाही. पण ती शब्दकोशासारखी आहे. शब्दकोश कपाटात असून भागत नाही, वाचणारा माणूसही लागतो. भारतात शब्दकोश मोठा करणाऱ्या संस्था आहेत; गावपातळीवरचा वाचक घडवणे मागे राहिले.

निर्मलच्या वाटेवरची संधी

आदिलाबादकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येते. २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्ह्यांची पुनर्रचना केली तेव्हा जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. यांपैकी निर्मलजवळ चिंचोली येथे डिसेंबर २०२० मध्ये माकडांसाठी बचाव व पुनर्वसन केंद्र सुरू झाले. दक्षिण भारतातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र. पिकांचे आणि घरांचे नुकसान करणारी माकडे पकडून आणायची, त्यांची नसबंदी करायची आणि पुन्हा सोडायची, हे त्याचे काम.

केंद्राचा हेतू उपद्रव कमी करण्याचा आहे आणि तो शेतकऱ्याच्या दृष्टीने रास्तच आहे. मक्याचे कणीस हाती येण्याआधी टोळीने फस्त केले तर त्या घराचे वर्ष बुडते. पण त्याच केंद्रात एक वेगळी शक्यताही दडलेली आहे. गावकुसात वावरणारी, गोठ्यांच्या छपरांवर झोपणारी, माणसाच्या हातचे खाणारी माकडे तेथे पशुवैद्यकाच्या टेबलावर येतात. नसबंदीच्या वेळी काढलेले थोडेसे रक्त, माकड कोणत्या गावातून आले याची नोंद आणि त्याच गावातील गुरांचे व तापाच्या रुग्णांचे नमुने एकत्र पाहिले, तर उत्तर तेलंगणातील विषाणूंच्या सामायिक वाटेचा नकाशा फारसा जादा खर्च न करता तयार होऊ शकतो. त्यासाठी वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तीन खात्यांनी एका टेबलावर बसणे तेवढे आवश्यक आहे.

नेमके हेच भारतात कठीण जाते. मेलेले माकड हे वन खात्याचे प्रकरण. आजारी म्हैस ही पशुसंवर्धन खात्याची. तापाने फणफणलेले मूल हे आरोग्य खात्याचे. विषाणू एकच, दप्तरे तीन. प्रत्येक दप्तरातील नोंद आपापल्या जागी बरोबर असते, पण तीन कागद एकमेकांशेजारी येत नाहीत तोवर त्यांतून अर्थ निघत नाही.

या उणिवेची जाणीव धोरणकर्त्यांना नाही असे नाही. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणाऱ्या ‘राष्ट्रीय एक आरोग्य अभियाना’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली ती नागपुरात. ज्या शहरात चांदीपुरा पहिल्यांदा सापडला तेथेच ही संस्था उभी राहावी, हा योग चांगला आहे. मात्र इमारतीपेक्षा तालुक्याच्या ठिकाणची व्यवस्था निर्णायक ठरेल. क्यासनूरचा शोध लागला तो शिमोग्याच्या रानात उतरलेल्या पथकामुळे.

सत्तरीचा अनुभव आणि गोव्यापुढील काम

गोव्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण २०१५ मध्येच संपले. त्या वर्षी सत्तरी तालुक्यातील पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले. २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात आणि पुढे बांदा परिसरात तो पोहोचला. अनेक दशके कर्नाटकातील शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरता मानला जाणारा रोग २०१२ नंतरच्या थोड्या वर्षांत तमिळनाडू, केरळ, गोवा आणि महाराष्ट्र असा सह्याद्रीच्या दोन्ही टोकांकडे दिसू लागला. तो पसरला, की तपासणी वाढल्यामुळे दिसू लागला? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात.

गोव्यातील प्रसाराचे वैशिष्ट्य म्हणजे काजू. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी गोव्यातील काजूच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांना या रोगाचा व्यावसायिक धोका असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले. याचे कारण हंगामांच्या जुळणीत आहे. गोचिडीची पिले डिसेंबरपासून मेपर्यंत जंगलातील पालापाचोळ्यात सर्वाधिक असतात. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. याच दिवसांत सत्तरीतील माणसे झाडाखाली वाकून, पाचोळा चाळत बोंडू आणि बी गोळा करतात. त्याच झाडांवर फळे खायला माकडे येतात आणि त्याच उतारावर गुरे चरतात. हुर्राकच्या आणि फेणीच्या व्यवसायाला जो कच्चा माल लागतो तो गोळा करणाराच या साखळीत सर्वांत उघडा पडतो. आजारी मजुराची मजुरी बुडते. हंगामापुरता बाहेरून आलेला मजूर ताप घेऊन आपल्या गावी परततो आणि त्याचे निदान दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात, वेगळ्याच नावाने होण्याची शक्यता राहते.

माकडतापाने बाधित झालेल्यांपैकी साधारण तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेली लस पुरेसे संरक्षण देत नसल्याचे आढळल्यानंतर २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाती घेतले आहे. ती हाती येईपर्यंत अंग झाकणारे कपडे, डीएमपी तेलासारखे गोचीडरोधक, रानातून परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि ताप येताच तपासणी, हीच ढाल आहे.

याखेरीज राज्याच्या हाती असलेले आणि फारसे खर्चिक नसलेले काम म्हणजे तीन दप्तरे एकत्र आणणे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या जंगलालगतच्या तालुक्यांत मेलेल्या माकडाची माहिती वनरक्षकाकडून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला मिळेल अशी व्यवस्था हवी. त्या परिसरातील गोचिडी तपासल्या जाव्यात आणि पुढील काही आठवड्यांत तेथून येणारा प्रत्येक तापाचा रुग्ण संशयाने पाहिला जावा. तपासणीचा निकाल फक्त वरच्या कार्यालयात न थांबता ज्या पंचायतीतून नमुना गेला तिथपर्यंत परत पोहोचावा. लोकांनी दिलेल्या माहितीचे पुढे काय झाले हे त्यांना कळले नाही, तर दुसऱ्यांदा माहिती देण्याचा उत्साह कोणाला राहणार? बागायतदारांनीही आपल्याकडील मजुरांच्या तापाची नोंद ठेवणे, हे दयेचे नव्हे तर व्यवसायाच्या शहाणपणाचे काम समजावे.

एक धोका या सगळ्यातून टाळायला हवा. माकडांमुळे रोग येतो असा समज पसरला की माकडे मारण्याची मागणी पुढे येते. कुळागरांत आणि भाजीच्या मळ्यांत होणाऱ्या नुकसानीमुळे गोव्यात माकडांविषयी आधीच राग आहे. ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात पीतज्वराच्या साथीत भीतीपोटी लोकांनी माकडांवर हल्ले केले. तेथील आरोग्य यंत्रणेला वारंवार सांगावे लागले की माकड रोग पसरवत नाही, डास पसरवतो. माकड मेले तर आपल्याला इशारा मिळतो. इशारा देणाराच मारला तर रोग पहिल्यांदा दिसेल तो माणसात.

आदिलाबादच्या दोन बाजूंना घडलेल्या त्या दोन घटनांचा धडा हाच आहे. नव्या विषाणूंचा शोध हा दूरच्या प्रयोगशाळेतील पराक्रम वाटतो, पण त्याची सुरुवात कोणीतरी गोठ्यात, रानात किंवा रुग्णालयाच्या ओसरीवर काहीतरी वेगळे पाहून त्याची खबर देण्याने होते. २००३ च्या उद्रेकातील १८३ मुलांपर्यंत ती खबर वेळेवर पोहोचली नाही. सत्तरीतील काजूच्या पुढील हंगामाआधी गोव्याकडे अजून वेळ आहे. तो ३८ वर्षांचा नाही, काही महिन्यांचा आहे.